विमानांतील पहिलीं चार मिनिटें

शिरोड्याच्या माणसाला मुंबई गांठावयाची असली म्हणजे एके काळीं वेंगुर्ल्याच्या बंदरावर जावें लागे. तेथून पडावांत बसून खोल पाण्यांत नांगरलेल्या आगबोटीपर्यंत जावयाचें, शिडीला हात घालावयाचा, आणि मग सारी रात्र समुद्रावर काढावयाची. पुढें एस्. टी. च्या मोटारी आल्या, आगबोटी बंद झाल्या, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली. आणि आतां तर शिरोड्याच्या दोन अंगांना दोन विमानतळ झाले आहेत. वेंगुर्लें तालुक्यांतील चिपीच्या विमानतळाचें उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं झालें, आणि तेरेखोलच्या खाडीपलीकडचा, गोव्यांतील मोपा येथील विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजीं उतारूंना खुला झाला. पडावांत पाय ठेवतांना देवाचें नांव घेणाऱ्या माणसांचीं नातवंडें आतां विमानांत बसल्याबरोबर खिशांतून फोन काढतात. फोन काढण्याला माझी हरकत नाहीं. हरकत आहे ती तो काढण्याच्या वेळेला.

विमानाचें दार लागतें, विमान हळूहळू धांवपट्टीकडे निघतें, आणि सेवकवर्गांतील दोघे-तिघे मधल्या वाटेंत ठराविक अंतरावर उभे राहतात. पट्टा कसा अडकवावा, दारें कोठें आहेत, प्राणवायूचा मुखवटा कसा लावावा, पाण्यावर तरंगण्याचें जाकीट कोठें सांपडेल, हें ते हातांनीं करून दाखवितात. कांहीं विमानांत हेंच समोरच्या पडद्यावर चित्ररूपानें दिसतें. सारा कार्यक्रम तीन-चार मिनिटांचा. ह्या तीन-चार मिनिटांत आपण काय करीत असतों? कोणी वर्तमानपत्र उघडून तें नेमकें त्या बाईच्या तोंडासमोर धरतो. कोणी ‘बसलों, बसलों’ म्हणून घरीं मोठ्यानें कळवीत असतो. कोणी डोळे मिटून घेतो. ज्याचा प्रवास अधिक, त्याचें दुर्लक्ष अधिक. किंबहुना दुर्लक्ष करणें ही मुरलेल्या उतारूची खूणच होऊन बसली आहे. एखादा नवखा माणूस मान उंचावून पाहूं लागला, कीं शेजारच्याच्या ओठांवर स्मित उमटतें, आणि तो बिचारा ओशाळून खिडकीबाहेर पाहूं लागतो. मला हें स्मित फार घातक वाटतें.

कीर्तन रंगांत आलें असतां बोवांकडे पाठ फिरवून गप्पा मारणाऱ्या माणसाला आपण असभ्य म्हणतों. मग येथेंच ही सवलत कां? मला वाटतें, ह्याला एक शब्द पुष्कळ अंशीं कारण झाला आहे. वर्तमानपत्रांनीं ह्या सेविकांना ‘हवाई सुंदरी’ असें नांव देऊन ठेवलें. शब्द कानाला गोड आहे, पण त्यानें त्यांच्या कामाची ओळखच पुसून टाकली. चहा-पाणी देणें हें त्यांचें वरकड काम होय. मूळ काम संकटांत विमान रिकामें करणें हें आहे. विमानावर अशा कामासाठीं नेमलेली पहिली स्त्री एलन चर्च ही १५ मे १९३० रोजीं अमेरिकेंत कामावर चढली, ती शिकलेली परिचारिका होती. (त्याच महिन्यांत इकडे शिरोड्याच्या मिठागरांत सत्याग्रह चालू होता, हें सहज आठवलें म्हणून सांगतों.) आणि आपल्या मुंबईची नीरजा भनोत? ५ सप्टेंबर १९८६ रोजीं कराचीच्या विमानतळावर अपहरण केलेल्या विमानांत गोळीबार सुरू झाला, तेव्हां तिनें दार उघडून उतारूंना बाहेर काढलें आणि त्यांतच प्राण दिला. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. तीच बाई उड्डाणापूर्वीं पट्टा दाखवीत उभी राहिली असती, तर आपण तिच्यासमोर वर्तमानपत्र धरलें असतें.

तथापि, त्या बाईचा मान राखावा एवढ्याचसाठीं मी हा विषय घेतलेला नाहीं. खरा प्रश्न शेजारच्या उतारूचा आहे.

पडावांत बसणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाला एक गोष्ट न शिकवितां कळत असे. तांडेलानें ‘बसा’ म्हटलें कीं बसावयाचें. पडावांत उभें राहणें ही कोणाची खासगी बाब नव्हे. एकाच्या उठण्यानें सर्वांचा तोल जातो. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट वादळांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. लाटांनीं बोट कलती होतांच उतारूंची पळापळ झाली, आणि त्या पळापळीनेंच तिचा उरलासुरला तोल गेला, असें त्या दुर्घटनेविषयीं सांगितलें जातें. विमान पडावासारखें कलत नाहीं, म्हणून आपल्याला वाटतें, मी ऐकलें काय, न ऐकलें काय, नुकसान माझें. हा हिशेब चुकीचा आहे.

कोणतेंही मोठें उतारू विमान वापरांत येण्यापूर्वीं कारखानदाराला एक गोष्ट सिद्ध करून दाखवावी लागते: अंधारांत, अर्धींच दारें वापरून, भरलेलें सबंध विमान ९० सेकंदांत रिकामें झालें पाहिजे. आपण नेहमीं ज्यांत बसतों त्या विमानांत सुमारें १८० उतारू असतात, आणि त्यांच्यासाठीं सेवक अवघे चार. म्हणजे मधल्या वाटेंत प्रत्येक माणसाच्या मागें रांग आहे. ज्याला पट्टा सोडतां आला नाहीं, तो आपल्या ओळींतल्या दोघांना अडवितो. ज्यानें वरच्या कप्प्यांतून पेटी काढावयास हात घातला, तो मागच्या पन्नास जणांना थांबवितो. पट्ट्याचें तर विशेषच आहे. मोटारींतील पट्टा कळ दाबून सुटतो, विमानांतील झांकण उचलून सुटतो. घाबरलेल्या माणसाचा हात संवयीप्रमाणें चालतो, आणि तो नसलेली कळ कमरेशीं चांचपीत राहतो. म्हणून रोज मोटार चालविणाऱ्यालाही तें एवढेंसें कृत्य पुन्हां पुन्हां दाखवावें लागतें.

२ जानेवारी २०२४ रोजीं टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरत असलेलें एक प्रचंड जपानी विमान दुसऱ्या लहान विमानावर आदळून पेटलें. त्या लहान विमानांतील पांच जण दगावले. पण ह्या पेटलेल्या विमानांत ३७९ माणसें होतीं, तीं सर्व जिवंत बाहेर आलीं. आंतील ध्वनिक्षेपक बंद पडला होता, सेवक कर्णे घेऊन ओरडून सांगत होते, आठ दारांपैकीं तीनच वापरतां आलीं. बहुतेकांनीं सामान जागेवरच सोडलें. मागाहून तें विमान जळून नुसता सांगाडा उरला. जपानी लोकांच्या शिस्तीची पुष्कळ वाखाणणी झाली, ती योग्यच होती. पण ती शिस्त धुरांत एकाएकीं उगवली नव्हती.

ह्याच्या उलट बाजूचीं उदाहरणेंही आहेत. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्क येथें पक्ष्यांच्या थव्यानें दोन्ही यंत्रें बंद पडलेलें एक विमान वैमानिक सलेनबर्गर ह्यांनीं हडसन नदीच्या पाण्यावर उतरविलें. आंतील सर्व १५५ माणसें वांचलीं. पुढें सरकारी चौकशींत आढळून आलें, कीं सुमारें शेंकडा ७० उतारूंनीं उड्डाणापूर्वींचें प्रात्यक्षिक मुळींच पाहिलें नव्हतें. बाहेर बर्फासारखें पाणी. आणि प्रत्येकाच्या बैठकीखालीं जाकीट असतां बाहेर पडण्यापूर्वीं तें स्वतः काढून घेणारे उतारू दहाच्या आसपास निघाले. नौका लगोलग धांवून आल्या, म्हणून ह्या अज्ञानाची किंमत द्यावी लागली नाहीं.

ती किंमत दुसऱ्या ठिकाणीं दिली गेली होती. २३ नोव्हेंबर १९९६ रोजीं इथिओपियाचें एक विमान, अपहरण झालेलें आणि इंधन संपलेलें, कोमोरो बेटांच्या कांठाशीं समुद्रांत पडलें. आंतील १७५ जणांपैकीं १२५ मरण पावले. कित्येकांनीं आपलीं जाकिटें विमानाच्या आंतच फुगविलीं होतीं. पाणी आंत शिरूं लागलें, तशी तीं फुगलेलीं जाकिटें त्यांना उचलून छताशीं नेऊन चिकटवूं लागलीं. बुडी मारून दारापर्यंत जाणें त्यांना शक्य राहिलें नाहीं. ‘जाकीट बाहेर पडतांना फुगवावें, आंत फुगवूं नये’ हें वाक्य आपण कंटाळून ऐकतों. त्या वाक्यामागें हीं माणसें उभीं आहेत.

प्राणवायूच्या मुखवट्याविषयींही एक शंका अनेक आयांच्या मनांत येते: आधीं स्वतः लावा, मग मुलाला लावा, हा कसला निष्ठुर नियम? निष्ठुर नव्हे, हिशेबी आहे. पस्तीस हजार फुटांवर विमानांतील हवेचा दाब एकाएकीं गेला, तर माणसाची शुद्ध अर्धें मिनिट, फार तर मिनिटभर कामाची राहते. तेवढ्यांत रडणाऱ्या मुलाशीं झटापट करणारी आई स्वतःच ग्लानींत जाईल, आणि मग मुलाला कोण लावणार? मुखवटा आपल्याकडे ओढावा लागतो, तेव्हांच प्राणवायु सुटतो. जोडलेली पिशवी फुगली नाहीं तरी वायु येत असतो. आणि नाकावरही बसवावा लागतो! १७ एप्रिल २०१८ रोजीं अमेरिकेंत एका विमानाचें यंत्र फुटून खिडकी फुटली, एक बाई मरण पावली. आंतील उतारूंनीं त्या वेळीं घेतलेलीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं, त्यांत मुखवटा तोंडावर आणि नाक उघडें असे कितीतरी चेहरे दिसतात. चांगलीं, जगभर फिरलेलीं माणसें तीं.

खिडक्यांच्या झडपा उघडा, पाठी सरळ करा, पुढचें मेज मिटवा, ह्या सूचनांचींही कारणें अशींच आहेत. बाहेर कोणत्या बाजूला आग आहे हें आंतून दिसावें, आणि मागच्याला उठावयास जागा राहावी. रात्रीं दिवे मंद करतात, ते डोळ्यांना अंधाराची संवय व्हावी म्हणून.

आतां एक अडचण मोकळेपणानें बोलली पाहिजे. आपल्या विमानांत ह्या सूचना बहुधा हिंदी व इंग्रजींत होतात, आणि त्याही घाईनें. शिरोड्याची एखादी आजी मुलाकडे मुंबईस किंवा दुबईस प्रथमच निघालेली असते. तिला दोन्ही भाषा पुरत्या कळत नाहींत. मांडीवर सोलांची पिशवी, वर मुलानें ठेवलेली आंब्याची पेटी, आणि चेहऱ्यावर, आपलें कांहीं चुकूं नये ही धास्ती. ती प्रात्यक्षिकाकडे मोठ्या लक्षानें पाहते, पण कळतें तें अर्धेंच. अशा वेळीं सभ्यतेचा अर्थ केवळ गप्प बसणें एवढाच उरत नाहीं. शेजारच्यानें फोन खिशांत टाकावा, समोरच्या खिशांतील चित्रांचा तक्ता काढून तिच्यापुढें धरावा, आणि ‘आजये, ह्यां असां उचलूचां’ म्हणून पट्ट्याचें झांकण तिच्याच हातानें दोनदां उघडवून घ्यावें. तिला बैठकीखालीं हात घालून जाकीट चांचपून पाहूं द्यावें. मात्र तें ओढून बाहेर काढूं देऊं नये. प्रसंग आला तर पेटी येथेंच राहील, हेंही तिला आधींच सांगावें. आंबे टाकून जावयाचें ही कल्पना कोंकणांतल्या माणसाच्या गळीं चटकन उतरत नाहीं, आणि ती उतरविण्याची वेळ जमिनीवर असतांनाची आहे.

मग तिच्याबरोबर दारापर्यंतच्या ओळी मोजाव्या. पुढच्याही आणि मागच्याही, कारण जवळचें दार पुष्कळदां पाठीमागें असतें. डोळ्यांनीं नुसतें दार पाहून ठेवणें पुरत नाहीं. विमानांत धूर भरला म्हणजे हातभर पुढचें दिसत नाहीं. खाली वांकून, बैठकींच्या पाठी हातानें मोजीत, जमिनीलगतच्या दिव्यांच्या रांगेनें जावें लागतें. आजीच्या ओळीपासून दार पांच ओळींवर असेल, तर ‘पांच’ एवढाच शब्द तिच्या ध्यानांत राहिला तरी पुरे. एवढें होईपर्यंत विमान धांवपट्टीच्या टोकाला पोंचलेलें असतें.