विद्यापीठातील दिवाणखाना

शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणजे आमचे विद्यार्थिमित्र घराकडे धाव घेतात. परंतु ज्याचे घर शेकडो कोस दूर आहे, त्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने शेवटचा तास संपल्यावर जावे कोठे? प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. खोलीत एकटे बसावे तर मन उदास होते. बाजारात हिंडावे तर पदरचा पैसा जातो. ग्रंथालयात बसावे तर तेथे बोलण्याची मनाई. अभ्यासाची व्यवस्था विद्यापीठाने उत्तम केलेली असते. पण दोन घटका निर्वेधपणे बसण्याची, नवी ओळख करून घेण्याची, हसण्याबोलण्याची जागा कोणी द्यावयाची? अमेरिकेतील विद्यापीठांनी या प्रश्नाचे उत्तर एक विशेष प्रकारची वास्तू उभारून दिले. तिला तिकडे ‘स्टुडंट युनियन’ म्हणतात. युनियन म्हटले की आपल्याकडे गिरणीकामगारांचा संघ अथवा निवडणुकीची धामधूम डोळ्यांपुढे येते. येथे तो अर्थ नाही. ‘विद्यार्थ्यांचा दिवाणखाना’ असे म्हटले तर ते सत्याच्या अधिक जवळ जाईल.

हा शब्द इंग्लंडातून आला. केंब्रिज येथे 1815 साली व ऑक्सफर्ड येथे 1823 साली विद्यार्थ्यांनी वादविवादाकरिता मंडळे काढली. वाद करावयाचा तर जागा हवी. जागा झाली की वर्तमानपत्रे आली, पुस्तके आली, चहा आला, आणि बोलणाऱ्यांपेक्षा नुसते बसावयास येणारे अधिक झाले. अमेरिकेत अशा उपयोगासाठी मुद्दाम बांधलेली पहिली इमारत फिलाडेल्फिया शहरी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1896 साली उघडली. ह्यूस्टन नावाच्या एका धनिक दांपत्याचा तरुण मुलगा युरोपच्या प्रवासात असता 1879 साली वारला होता. त्याच्या स्मरणार्थ आईबापांनी ही वास्तू दिली, आणि तिचा आराखडा विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतून निवडण्यात आला.

येथे एक गोष्ट आमच्या लक्षात आली, ती सांगून ठेवतो. विद्यार्थ्यांच्या हास्यविनोदाकरिता बांधलेल्या या इमारतींपैकी कितीतरी शोकातून निर्माण झाल्या आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाची मेंडोटा सरोवराच्या काठची सुप्रसिद्ध युनियन 1928 साली उघडली. ती युद्धात कामी आलेल्या विद्यार्थ्यांचे स्मारक म्हणूनच. आणि ज्या वास्तूची हकीकत आम्ही विस्ताराने सांगणार आहोत, तिचाही पाया एका अकाली मृत्यूवर घातलेला आहे.

न्यूयॉर्क संस्थानात इथाका नावाचे गाव आहे. तेथील टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ वसले आहे; खाली कायुगा सरोवर पसरलेले दिसते. या विद्यापीठातून विलर्ड स्ट्रेट नावाचा तरुण 1901 साली वास्तुकलेची पदवी घेऊन बाहेर पडला. आईबाप दोघेही शिक्षक, आणि दोघेही त्याच्या बालपणीच निवर्तलेले. त्यामुळे परक्या घरी राहणे म्हणजे काय, हे त्यास चांगलेच ठाऊक होते. पुढे चीन देशात जकात खात्यात नोकरी, मग रुसो-जपानी युद्धाचा वार्ताहर, मग मुकडेन येथे अमेरिकेचा वकील, मग सावकारी पेढी, अशी नाना क्षेत्रे त्याने पाहिली. 1911 साली डोरोथी व्हिटनी या अत्यंत श्रीमंत परंतु लोकहिताची खरी कळकळ असलेल्या स्त्रीशी त्याचा विवाह झाला. पहिले महायुद्ध संपले त्या वेळी तो पॅरिस येथे होता. तेथेच 1 डिसेंबर 1918 रोजी इन्फ्लुएंझाच्या साथीने त्यास गाठले. वय अवघे 38 वर्षांचे.

मागे राहिलेल्या मृत्युपत्रात कॉर्नेलविषयी त्याने पत्नीस एक विनंती करून ठेवली होती. ते विद्यापीठ अधिक माणुसकीचे स्थान व्हावे, एतदर्थ तुला जे योग्य वाटेल ते कर, असा तिचा आशय होता. प्रयोगशाळा बांध, शिष्यवृत्ती ठेव, असे काहीएक त्याने लिहिले नाही. आता ‘माणुसकी’ विटामातीने कशी बांधावयाची? डोरोथीबाई या कोड्यात असतानाच त्यांच्याकडे एक मदत मागणारा आला. आणि येथून या कथेचा धागा आमच्या देशास येऊन मिळतो.

लेनर्ड एल्महर्स्ट हा इंग्रज धर्मोपदेशकाचा मुलगा. महायुद्धाच्या काळात तो हिंदुस्थानात होता, व अलाहाबाद येथे शेतकी विद्यालय स्थापणाऱ्या सॅम हिगिनबॉटम या मिशनऱ्याच्या सहवासाने त्यास शेतीशास्त्र शिकण्याची ओढ लागली. त्यासाठी 1919 साली तो कॉर्नेलला गेला. तेथे परदेशी विद्यार्थ्यांचे ‘कॉस्मोपॉलिटन क्लब’ नावाचे घर होते. नाना देशांचे विद्यार्थी तेथे एकत्र राहत, जेवत, वाद घालत. एल्महर्स्ट त्याचा अध्यक्ष झाला खरा, पण अध्यक्षपदाबरोबर क्लबाचे भले मोठे कर्जही त्याच्या गळ्यात पडले! ते फेडण्याकरिता तो पैसे गोळा करीत न्यूयॉर्कला डोरोथीबाईंच्या दारी पोहोचला. त्या इथाका येथे आल्या, तेव्हा विद्यार्थ्यांचे राहणे कसे असते हे त्याने त्यांना हिंडून दाखविले.

त्याच सुमारास रवींद्रनाथ ठाकूर अमेरिकेत आले होते. त्यांच्या आमंत्रणावरून एल्महर्स्ट 1921 च्या अखेरीस बंगालला आला, आणि फेब्रुवारी 1922 मध्ये शांतिनिकेतनाजवळील सुरूल गावी ग्रामसुधारणेची संस्था सुरू झाली. तीच पुढे श्रीनिकेतन म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्या खर्चाकरिता द्रव्य पुरविले ते याच डोरोथीबाईंनी. 1925 साली त्यांनी एल्महर्स्टशी विवाह केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टेकडीच्या उतारावर ‘विलर्ड स्ट्रेट हॉल’ विद्यार्थ्यांसाठी खुला झाला. कर्जबाजारी क्लबाच्या एका विद्यार्थी अध्यक्षाची वणवण दोन खंडांत अशी फळास आली.

इमारत दगडी, जुन्या गॉथिक घाटाची, प्रशस्त. आत उंच लाकडी छताचे स्मृतिदालन, नाट्यगृह, वाचनाची खोली, संगीत ऐकण्याची खोली, खेळण्याच्या जागा, उपाहारगृह, आणि पाहुण्यांकरिता वरच्या मजल्यावर निजावयाच्या खोल्या. स्ट्रेटने आपल्या लहान मुलास लिहिलेल्या पत्रातील उपदेश तेथील अग्निकुंडाच्या वर कोरलेला आहे. मन सदैव उघडे ठेव, शिकण्यासारखे नेहमीच काही असते, असा त्यातील एक भाग आहे. शेकोटीशी पाय शेकीत बसलेल्या किती तरुणांनी मान वर करून तो वाचला असेल, कोण जाणे.

अशा वास्तूची तेथे इतकी गरज का, हे समजण्याकरिता अमेरिकेतील ‘फ्रॅटर्निटी’ नावाचा प्रकार ठाऊक असला पाहिजे. ही विद्यार्थ्यांची खासगी बंधुमंडळे. नावे ग्रीक अक्षरांची, घरे स्वतःची. मंडळाने निवड केली तर राहणे, जेवणे, नाचगाणे, सर्व काही तेथे मिळते. निवड न झाली तर? नावाने बंधुमंडळ, पण कोणास बंधू म्हणावयाचे हे मूठभर मुलांनी ठरवावयाचे! कित्येक मंडळांच्या नियमांत निग्रो व यहुदी विद्यार्थ्यांस प्रवेश नाही, अशी कलमे 1950 नंतरही होती. याच कॉर्नेलमध्ये 1906 साली सात कृष्णवर्णी विद्यार्थ्यांनी ‘आल्फा फाय आल्फा’ हे स्वतःचे मंडळ स्थापिले; कारण दुसरे कोणतेही दार त्यांस उघडे नव्हते. आमच्या देशात पंक्तिभेद म्हणजे काय हे कोणास समजावून सांगावयास नको. म्हणून ज्या घरात शिरावयास कोणाच्या निवडीची अपेक्षा नाही, अशा घराची किंमत आमचे वाचक सहज ओळखतील.

दुसरे महायुद्ध संपले आणि या दिवाणखान्यांत एकदम गर्दी उसळली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांस शिक्षणाचा खर्च द्यावा, असा कायदा तेथील सरकारने 1944 साली केला होता. 1947 साली अमेरिकन महाविद्यालयांत दाखल झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे हे असे माजी सैनिक होते. पंचवीस-तीस वर्षांचे, रणांगण पाहिलेले, कित्येक बायकापोरांसह आलेले पुरुष अठरा वर्षांच्या कोवळ्या पोरांच्या शेजारी कॉफीचा पेला घेऊन बसू लागले. त्या काळच्या युनियनमध्ये सकाळी डोकावले असते तर काय दिसले असते? सूचनाफलकाभोवती घोळका, एका टेबलावर उद्याच्या परीक्षेची घोकंपट्टी, तर शेजारच्या टेबलावर पत्त्यांचा डाव, खाली न्हाव्याचे दुकान, कोठे बिलियर्ड, तर कोठे चेंडूने लाकडी खुंट्या पाडण्याचा बोलिंगचा खेळ, वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी किंवा नाटकाची तालीम. संध्याकाळी नाच, व्याख्यान अथवा चित्रपट. आणि ताटे उचलणारा, बशा विसळणारा नोकर म्हणून ज्यास आपण पाहावे, तो दुपारी गणिताच्या वर्गात आपल्याच शेजारी बसलेला! श्रीमंताच्या मुलासही अशा कामाची लाज वाटत नसे, हे पाहून आमच्याकडून गेलेल्या विद्यार्थ्यांस प्रथम नवल वाटे.

कार्यक्रम ठरविणे, पैशाचा हिशेब ठेवणे, भांडणे मिटविणे, ही कामे बहुतांशी विद्यार्थ्यांच्याच मंडळांकडे असत. विस्कॉन्सिनच्या युनियनचे पहिले संचालक पोर्टर बट्स यांनी यावरच सारा भर दिला. चाळीस वर्षे, म्हणजे 1968 पर्यंत, ते त्या पदावर होते. त्यांनी लिहिलेले एक निवेदन 1956 साली युनियनांच्या संघटनेने मान्य केले. फावला वेळ कसा घालवावा हेही शिक्षणच होय, आणि युनियन म्हणजे नुसती इमारत नव्हे, असे त्यात प्रतिपादन आहे. आमच्या मते हे म्हणणे खरे आहे. मात्र दार सर्वांस उघडे असेल तरच.

कारण दार सर्वांस उघडे नव्हते. मिशिगन विद्यापीठाच्या युनियनमध्ये विद्यार्थिनीस एकटीने मुख्य दरवाजातून आत येण्याची बंदी होती. तिने बाजूच्या दाराने यावे, असा नियम. ही रीत 1950 ते 1960 या दशकाच्या मध्यापर्यंत चालली, आणि बिलियर्डच्या खोलीत स्त्रियांचा प्रवेश होण्यास तर 1968 साल उजाडले. याच इमारतीच्या पायऱ्यांवर 14 ऑक्टोबर 1960 च्या मध्यरात्रीनंतर दोन वाजता जॉन केनेडी यांनी विद्यार्थ्यांस, परदेशांत जाऊन सेवा करण्यास तुमच्यापैकी किती जण सिद्ध आहेत, असा प्रश्न केला, आणि त्यातून पुढे ‘पीस कोअर’ निघाले. सेवेला घाना देशी जावे, पण विद्यार्थिनीने आठ वर्षे बिलियर्डच्या खोलीत पाऊल टाकू नये, यातील विसंगती त्या रात्री कोणाच्या मनात आली असेल काय?

कॉर्नेलचा हिशेब याहून कठीण निघाला. 1963 नंतर तेथे कृष्णवर्णी विद्यार्थ्यांस प्रयत्नपूर्वक प्रवेश देण्यात येऊ लागला. प्रवेश मिळाला, तरी आपलेपणा मिळाला असे त्यांस वाटेना. एप्रिल 1969 मध्ये कृष्णवर्णी विद्यार्थिनींच्या वसतिगृहापुढे कोणी रात्री जळता क्रूस टाकला. ज्या चिन्हाने क्षमा शिकवावयाची, त्याच चिन्हाने त्या देशात कित्येक वर्षे दहशत बसविली जात असे. दुसऱ्या दिवशी, 19 एप्रिलला, पहाटे सुमारे शंभर कृष्णवर्णी विद्यार्थी विलर्ड स्ट्रेट हॉलात शिरले व त्यांनी इमारत ताब्यात घेतली. तो पालकांच्या भेटीचा सप्ताहांत होता. मुलांना भेटावयास आलेले काही पालक वरच्या खोल्यांत निजले होते. त्यांना झोपेतून उठवून बाहेर काढण्यात आले. त्यानंतर एका बंधुमंडळाचे गोरे विद्यार्थी आत घुसले, मारामारी झाली. आणि पुन्हा हल्ला होईल या भीतीने आतील विद्यार्थ्यांनी बंदुका आणविल्या. छत्तीस तासांनी तडजोड होऊन ते बाहेर पडले, तेव्हा खांद्यावर बंदुका असलेल्या त्या तरुणांचे छायाचित्र जगभर छापले गेले, व छायाचित्रकार स्टीव्ह स्टार यांस 1970 सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

बंदुकीने विद्यापीठाचे प्रश्न सुटावेत, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आणि पहाटे थंडीत बाहेर काढलेल्या त्या पालकांच्या जागी आमच्या वाचकांनी स्वतःस क्षणभर कल्पून पाहावे. परंतु शेकडो इमारतींतून त्या विद्यार्थ्यांनी हीच का निवडली, याचाही विचार व्हावा. ग्रंथालय नव्हे, कुलगुरूंची कचेरी नव्हे. सर्वांचा म्हणून बांधलेला दिवाणखाना त्यांनी निवडला.

कोणाचा प्राण गेला नाही, हे मोठे भाग्य. त्याच वर्षी कॉर्नेल येथे आफ्रिकी लोकांच्या इतिहास-संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. अध्यक्ष जेम्स पर्किन्स यांनी अधिकारपद सोडले. कृष्णवर्णी विद्यार्थ्यांस विद्यापीठात आणण्याचा उद्योग ज्यांनी आरंभिला, त्यांच्यावरच दोन्ही पक्षांचा रोष झाला होता. त्या दिवशीच्या पुढाऱ्यांत टॉमस जोन्स नावाचा एक विद्यार्थी होता. तो पुढे मोठ्या आर्थिक संस्थांत उच्चपदास चढला, व कॉर्नेलच्या विश्वस्त मंडळावर बसला. भिन्न वंशांच्या विद्यार्थ्यांत सलोखा वाढविणाऱ्यांकरिता त्याने 1995 साली तेथे एक वार्षिक पारितोषिक ठेवले, आणि त्यास नाव दिले ते पर्किन्स यांचे.