इजिप्तचे वाचन कार्ल्यापासून

मावळातल्या वाचकाने इजिप्तच्या इतिहासात पिरॅमिडकडून नव्हे, बंदरांकडून शिरावे. पहिले पुस्तक ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’, शक्यतो लायोनेल कॅसन यांच्या १९८९ च्या इंग्रजी भाषांतरात; मूळ मजकूर छोटा, खरी मेजवानी टिपांची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने त्यात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नोंद केली आहे. कल्याणहून बोरघाट चढला की कार्ले येते. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची (ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परकीयांची) दाने कोरलेली आहेत, आणि एका स्तंभशीर्षावर दामोदर धर्मानंद कोसंबींनी लक्ष वेधलेला स्फिंक्स आहे.

यवन म्हणजे इजिप्तचेच, असे मात्र सिद्ध होत नाही. त्यातल्या काहींची नावे चक्क भारतीय आहेत आणि स्फिंक्स ग्रीकांचाही होता. म्हणून लेण्यावरून थेट निष्कर्ष न काढता स्टीव्हन साइडबॉथम यांचे बेरेनिकेवरचे २०११ चे पुस्तक वाचावे. तांबड्या समुद्रावरच्या इजिप्तच्या त्या बंदरात भारतीय रांजणात सुमारे ७.५ किलो काळी मिरी सापडली. इजिप्त-भारत व्यापाराचा हा पुरावा अधिक भक्कम.

हा तर रोमन काळ, फॅरो कुठे आहेत, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे, पण क्लिओपात्राबरोबर इजिप्त संपला नाही. देवळे आणि चित्रलिपी पुढेही शतकानुशतके टिकली. फॅरोंसाठी बॅरी केम्प यांचे ‘एन्शंट इजिप्त: अ‍ॅनाटमी ऑफ अ सिव्हिलायझेशन’ घ्यावे. जड आहे, पण राजांच्या याद्यांपेक्षा धान्यकोठारे आणि मजुरांच्या वसाहतींवर भर देणारे.