अ‍ॅरिझोनाच्या पठारावरील सान्जोव्हेझे

मध्य इटलीतील टस्कनी प्रांताच्या टेकड्यांवर शतकानुशतके जोपासली गेलेली, कियान्ती आणि ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो या जगद्विख्यात मद्यांचा जणू प्राण असलेली सान्जोव्हेझे ही तांबड्या द्राक्षाची जात अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील विलकॉक्स गावाभोवती, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंचीच्या, वर्षाकाठी जेमतेम १२-१३ इंच पावसाच्या पठारावर फळते आहे, ही वार्ता प्रथमदर्शनी असंभाव्य वाटते. सभोवार डोंगरांच्या रांगा आणि मध्ये एका आटलेल्या सरोवराचा पांढरा, क्षारयुक्त तळ, असा हा मुलूख आहे.

या नवलाचे मूळ तेथील रात्रीत आहे. मणी पिकू लागला म्हणजे त्यातील शर्करा वाढते आणि आम्लता घटत जाते; जेथे रात्रही उष्णच असते तेथे ही घट इतक्या वेगाने होते की रंग व सुगंध परिपक्व होण्यापूर्वीच रस मचूळ होऊन बसतो. विलकॉक्सला उन्हाळ्यात पारा दिवसा ३५ अंशांपलीकडे जातो खरा. परंतु हवा कोरडी व विरळ असल्यामुळे, ढगांचे पांघरूण नसलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता आकाशात झपाट्याने सोडून देते, आणि पहाटेपर्यंत तापमान १५ ते २० अंशांनी उतरून द्राक्षाची आम्लता राखली जाते. शिवाय उंचीवरील प्रखर अतिनील किरणांमुळे मण्याची साल अधिक रंगद्रव्य धारण करते, आणि मुळात फिकट रंगाच्या या जातीला तो मोठाच लाभ आहे. जनुकीय संशोधनाने तिच्या एका जनकाचे नाते दक्षिण इटलीतील उष्ण कालाब्रियाशी जोडले आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

तथापि हे सौख्य निर्वेध नाही. या वेलीचे डोळे लवकर फुटतात आणि फळ उशिरा पिकते. सबब वसंतातील हिमकडाक्यात कोवळे फुटवे करपण्याचे भय असते, आणि त्याच्या निवारणार्थ बागाईतदार उंच खांबांवरील प्रचंड पंखे फिरवून वरची उबदार हवा खाली आणण्याची तजवीज करतात. पुढे जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तेथेही पावसाळा येतो, त्याला ते लोकही मान्सूनच म्हणतात, आणि ऐन पिकण्याच्या वेळी येणारी ती वादळी सर व गारपीट पातळ सालीच्या घडांना कुजवून टाकू शकते.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात, मोहिते-पाटील बंधू आणि काही इटालियन भागीदार यांच्या उद्योगाने हीच जात लावली आहे. तेथे पठाराची उंची नाही. परंतु एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी या आपल्या परिचित पद्धतीने फळ हिवाळ्यावर आणले जाते, आणि जे काम अ‍ॅरिझोनात उंची करते ते येथे थंडीचा ऋतू करतो. वेलीला हवी असते ती शीतल रात्र. ती कोणत्या मार्गाने मिळते याविषयी तिचा आग्रह नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र अशी तडजोड चालत नाही. विलकॉक्सच्या खोऱ्यातील शेती भूगर्भातील पाण्यावर उभी आहे, आणि दीर्घकाळच्या अनिर्बंध उपशामुळे तेथे जमीन खचली आहे, भेगा पडल्या आहेत. ठिबकावर वाढणारी द्राक्षवेल लसूणघासाच्या मानाने पुष्कळच कमी पाणी घेते, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण कमी घेणे म्हणजे न घेणे नव्हे. २०२२ साली तेथील मतदारांनी उपशावरील सरकारी नियंत्रणाच्या विरुद्ध कौल दिला. तरी अखेर २०२४च्या डिसेंबरात राज्याच्या जलखात्याने हे खोरे आपल्या नियमनाखाली आणण्याचा निर्णय जाहीर केला. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, आणि तो बराच आधी व्हावयास हवा होता.