प्रथिनांचं वेळापत्रक

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं वजन एक ते दीड ग्रॅम असतं. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. बाराव्या-चौदाव्या दिवशी डोळे उघडतात आणि तीन आठवड्यांत ते आईचं दूध सोडायला तयार होतं. त्या काळात त्याच्या मेंदूत कोणती प्रथिनं वाढतात, कोणती ओसरतात, हे पाहणं माझं काम.

जन्मदिवस, सातवा, चौदावा आणि एकविसावा दिवस अशा चार वयांच्या मेंदूतली प्रथिनं आम्ही जेलवर आकारानुसार वेगळी करतो आणि अँटीबॉडीने हवं ते प्रथिन ओळखतो. पट्टी जितकी गडद, तितकं प्रथिन जास्त. जनुकं चारही वयांत तीच असतात, पट्ट्या मात्र बदलत जातात.

डबलकॉर्टिन हे आपली जागा गाठण्यासाठी सरकणाऱ्या कोवळ्या मज्जापेशींचं प्रथिन. त्याची पट्टी जन्मदिवशी गडद, तर एकविसाव्या दिवशी अगदी पुसट. मायलिन बेसिक प्रोटीनचं याउलट. मज्जातंतूंवर आवरण चढू लागतं तसं ते वाढतं. ज्या उंदरांत ते तयारच होत नाही, त्यांचं अंग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून थरथरू लागतं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते केसीसी2. हे प्रथिन मज्जापेशीतलं क्लोराइड बाहेर काढतं. नवजात पिल्लात ते कमी असल्यामुळे पेशीत क्लोराइड साठलेलं असतं, आणि प्रौढ मेंदूला शांत करणारं ‘गाबा’ हे रसायन इथे पेशीला उलट चेतवतं. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास केसीसी2 वाढतं आणि गाबा शांत करू लागतं. गाबामार्फत काम करणारी औषधं नवजात बाळांच्या आकडीवर कधी कधी अपुरी पडतात, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

वेळेइतकीच मात्राही महत्त्वाची. मेंदूची वाढ होत असताना मज्जापेशींमध्ये ‘मेकपी2’ हे प्रथिन वाढत जातं. त्याच्या जनुकातला दोष रेट सिंड्रोमच्या मुळाशी असल्याचं हुडा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने 1999 मध्ये दाखवलं. हा आजार मुख्यतः मुलींना होतो. सहा ते अठरा महिन्यांपर्यंत नीट वाढणारी मुलगी शिकलेले शब्द आणि हातांचा वापर गमावते. याच जनुकाची जादा प्रत असली, प्रथिन प्रमाणाबाहेर गेलं, तरी गंभीर आजार होतो.

2007 मध्ये एडिनबरा विद्यापीठात एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदरांतलं हे बंद ठेवलेलं जनुक प्रौढ वयात पुन्हा सुरू केलं. आजारी उंदरांची लक्षणं बऱ्याच अंशी ओसरली. वेळ चुकली म्हणजे सगळं संपलं, असं प्रत्येक आजारात नसतं, हे त्या प्रयोगाने दाखवलं. रेटसाठी आता माणसांवर जनुकोपचाराच्या चाचण्या सुरू आहेत. तिथला सर्वांत नाजूक प्रश्न आहे: प्रत्येक मज्जापेशीला हे प्रथिन पुरेसं मिळावं, पण जास्त होऊ नये, हे साधायचं कसं?