छत कोसळण्याआधी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. या ताकदीचे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून अधिक होतात आणि त्यांपैकी बहुतेकांत फारशी मनुष्यहानी होत नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मात्र आठ ते दहा हजार माणसे गेली आणि पुढे ५२ गावांचे पूर्ण पुनर्वसन करावे लागले. भूकंपाचे केंद्र उथळ होते, वेळ गाढ झोपेची होती, ही कारणे खरीच. पण अभियंत्यांच्या पाहणीत सर्वांत ठळकपणे पुढे आले ते घरांचे बांधकाम. चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांच्यावर मातीचे जड माळवद. भिंती फाकल्या आणि माथ्यावरचा सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. या घटनेला तीन दशके उलटून गेली, तरी मराठवाड्यातल्या घरांच्या छतांची नियमित तपासणी करणारी व्यवस्था आपण उभी केलेली नाही. ती आता उभी करता येईल, कारण त्यासाठी लागणारे साधन आपल्या गावांवरून एकदा उडूनही गेले आहे. ते साधन म्हणजे ड्रोन.

माळवद धोकादायक का ठरते, हे आधी समजून घ्यायला हवे, कारण मुळात ती या मुलखाची शहाणी रचना होती. तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांत वर चोपलेली माती. एप्रिल-मेच्या उन्हात असे घर आत थंड राहते आणि माती-लाकूड जवळपासच मिळते. अडचण येते ती देखभालीच्या रीतीतून. छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पसरायची, असा प्रघात आहे. जुनी माती काढून नवी घालणे कष्टाचे, म्हणून थरावर थर चढत जातो आणि दोन-तीन पिढ्यांत त्याची जाडी दीड-दोन फुटांवर पोचते. हिशेब करून पाहिला की भार किती ते कळते. बारा फूट बाय पंधरा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती असेल, तर ती कोरडी असतानाच सुमारे १२ टन भरते. भिजली की आणखी एक-दोन टन वाढतात. आत राहणाऱ्या कुटुंबाला हा भार दिसत नाही, कारण तो दरवर्षी थोडाथोडा वाढलेला असतो.

हा प्रश्न केवळ जुन्या माळवदांचा आहे असे मानून चालणार नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आज माळवद, पत्रे आणि सिमेंटचा स्लॅब एकाच गल्लीत, कधी एकाच वाड्यात दिसतात, आणि प्रत्येकाचे दुखणे निराळे आहे. पत्रे वळिवाच्या वाऱ्यात उडतात, म्हणून त्यांवर दगड ठेवले जातात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नांदेड-परभणीपर्यंत जमीन हादरली. तेव्हा प्रशासनाने लोकांना पत्र्यांवरचे जड दगड काढून टाकण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी १० जुलैला तेवढ्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला. स्लॅबच्या घरांत पाण्याच्या टाक्या, तुंबलेल्या पन्हाळी, साचलेले पाणी आणि त्यामुळे आतून गंजणाऱ्या सळया हा वेगळाच आजार आहे. सळई गंजली की फुगते, काँक्रीटला तडा देते आणि पापुद्रा सुटतो. खालून छताचा गिलावा पडू लागेपर्यंत त्याची दखल घेतली जात नाही. म्हणजे तिन्ही प्रकारच्या छतांची सुरुवातीची लक्षणे वरच्या बाजूला असतात आणि ती बाजू पाहणे हेच अवघड असते. भिजून मऊ झालेल्या माळवदावर किंवा गंजलेल्या पत्र्यावर माणूस चढवणे म्हणजे तपासणीच्या नावाखाली एक अपघात ओढवून घेणे.

ड्रोनचा उपयोग नेमका इथे आहे. अडीचशे ग्रॅमपेक्षा हलका ड्रोनसुद्धा छतापासून दहा मीटर उंचीवर थांबून इतके स्पष्ट छायाचित्र घेऊ शकतो की त्यातल्या एका ठिपक्यात जेमतेम तीन-चार मिलिमीटर छत मावते. एवढ्या बारकाईने भेगा, पत्र्याचे निसटलेले हूक, कठड्याचे झुकलेले भाग, माळवदावर उगवलेले गवत आणि घुशींची बिळे ओळखता येतात. एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढणारी छायाचित्रे ओळीने घेतली, तर संगणक त्यांतून छताचे त्रिमितीय प्रारूप तयार करतो. जमिनीवर मोजलेल्या खुणांशी ते जुळवले की उंचीतला काही सेंटिमीटरांचा फरकही मोजता येतो. माळवदाच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. आज केलेली मोजणी आणि पाच वर्षांनंतरची मोजणी शेजारी ठेवली, की कोणत्या घरावर माती वाढली आणि कोणते छत मध्यभागी खचू लागले हे कळू शकते. उष्णता टिपणारा कॅमेरा असेल, तर स्लॅबमधला ओलावाही हुडकता येतो, कारण ओलसर भागाचे तापमान कोरड्या भागापेक्षा वेगळे राहते.

ही कल्पना आपल्या ग्रामीण भागाला नवखी आहे, असेही म्हणता येणार नाही. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्राने गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग केला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीने गावठाणांची हवाई छायाचित्रे घेऊन घरमालकांना मिळकत पत्रिका देणे, हा तिचा उद्देश. ती छायाचित्रे उंचावरून घेतलेली असल्याने त्यांत भेगा दिसत नाहीत, पण छत स्लॅबचे आहे, पत्र्याचे की मातीचे, हे बऱ्याच अंशी कळते. पंचायती राज मंत्रालयाने तर २०२४ च्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये अशा छायाचित्रांवरून छतांची वर्गवारी संगणकाकडून करून घेण्याचे काम विद्यार्थ्यांपुढे ठेवले होते. म्हणजे पहिल्या फेरीचा कच्चा माल शासनाच्या दप्तरात जमा होऊ लागला आहे. तो मालकी ठरवण्यासाठी वापरला गेला. सुरक्षिततेसाठीही वापरायचा, असे आपण ठरवायला हवे.

यावर पहिला आक्षेप अभियंतेच घेतील आणि तो रास्त आहे. ड्रोनला छताची पाठ दिसते, पोट दिसत नाही. तुळईला लागलेली वाळवी, खांबाच्या बुडाशी कुजलेले लाकूड, भिंतीच्या दोन पदरांना जोडणारे दगड आहेत की नाहीत, यांतले काहीही वरून कळत नाही. किल्लारीच्या भूकंपात काही ठिकाणी भिंती ढासळल्या, तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा घट्ट असल्यामुळे छत तोलून राहिले होते. वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन माळवदांचे भवितव्य आतल्या सांगाड्यावर ठरले. तेव्हा ड्रोनच्या छायाचित्रावरून घर सुरक्षित असल्याचा दाखला कुणीही देऊ नये. ड्रोनचे काम आरोग्य शिबिरातल्या प्राथमिक तपासणीसारखे आहे: शंभरांतून ज्यांच्याकडे तातडीने लक्ष द्यायला हवे असे पंधरा-वीस वेगळे काढायचे. त्या घरांत मग अभियंता आणि अनुभवी गवंडी यांनी आत जावे, लाकूड ठोकून पाहावे, भिंतीचा फुगवटा मोजावा आणि निर्णय द्यावा. मनुष्यबळ तुटपुंजे असताना हजारो घरांतून सुरुवात कोठून करायची, हा प्रश्न त्यामुळे सुटतो. इटलीत ऑगस्ट २०१६ मध्ये अमात्रिचे हे डोंगरी गाव भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा तडकलेल्या प्राचीन चर्चमध्ये माणसे पाठवण्याआधी ड्रोन आणि यंत्रमानव पाठवून पाहणी केली गेली. तिथेही अंतिम निर्णय तज्ज्ञांचाच होता.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा आहे आणि तो शहरी कौतुकाच्या भरात बाजूला सारता येणार नाही. मराठवाड्यात उन्हाळ्यात कुटुंबे गच्चीवर आणि माळवदावर झोपतात, बायका वर बसून पापड-कुरडया वाळवतात, अनेक घरांची न्हाणी आजही उघडी असते. अशा गावावरून कॅमेरा फिरणार असेल, तर आधी दवंडी हवी, दिवस आणि वेळ ठरलेली हवी आणि छायाचित्रे कोणाकडे राहणार याचे लेखी उत्तर ग्रामसभेला मिळायला हवे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले आहे, त्यामुळे ही मागणी कायद्याला धरूनच आहे. याला जोडून एक भीती असते: आज छत मोजतील, उद्या घरपट्टी वाढवतील. ही भीती दूर केली नाही तर लोक सहकार्य करणार नाहीत. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या छायाचित्रांचा करआकारणीसाठी वापर होणार नाही, असा स्पष्ट ठराव झाल्याशिवाय ड्रोन उडवूच नये.

ड्रोन उडवणे कायदेशीरदृष्ट्या किचकट आहे, हा समज मात्र आता बराचसा जुना झाला आहे. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ही वाट मोकळी केली. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही आणि अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी वैमानिक प्रमाणपत्राची अट नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांजवळ विमानतळ आहेत, त्यामुळे त्यांच्या परिसरात आधी हवाई क्षेत्राचा नकाशा तपासणे आवश्यक आहे. चालवणारी माणसेही दुर्मिळ राहिलेली नाहीत. फवारणीच्या ड्रोनसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांतील महिलांना प्रशिक्षण दिले जाते. नांदेडच्या विष्णुपुरीतील श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या संस्थांतले स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी छायाचित्रांचे विश्लेषण आणि घरांची पाहणी हे काम अभ्यासाचा भाग म्हणून करू शकतील.

सर्वांत गंभीर आक्षेप गरिबीचा आहे. छत धोकादायक आहे हे सांगून काय उपयोग, दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे? या प्रश्नाला अर्धे उत्तर असे की बरेचसे उपाय पैशांपेक्षा श्रमाचे आहेत. पत्र्यावरचे दगड उतरवून हूक आणि नट-बोल्टने पत्रा आवळणे, तुंबलेली पन्हाळ मोकळी करणे, स्लॅबवरची अडगळ हटवणे, माळवदावरची जादा माती सर्व बाजूंनी सारखी आणि थराथराने काढून पातळ थराखाली पाणी अडवणारे आच्छादन घालणे, हे पावसाळ्याआधीच्या काही दिवसांत होऊ शकते. माती काढताना एका बाजूला ढीग होऊ देऊ नये आणि जाणत्या गवंड्याची देखरेख असावी, एवढे पथ्य पाळायला हवे. उरलेले अर्धे उत्तर शासनाने द्यायचे आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागातल्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. अशा योजनांत ज्यांचे छत सर्वांत धोक्याचे त्यांना आधी घर, हा क्रम तपासणीच्या यादीवरून लावता येईल.

नुकसानीनंतरही या नोंदी कुटुंबाच्या कामी येतील. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मदत होती, पण त्यासाठी नुकसान किमान १५ टक्के असावे लागत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव परिसरात पाणी घुसले आणि पुढच्या महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा वेळी असंख्य घरांचे पंचनामे थोड्या दिवसांत उरकावे लागतात आणि नुकसान चौदा टक्के की सोळा, हे नजरेच्या अंदाजावर ठरते. पडझडीआधीचे छायाचित्र हाताशी असेल, तर हे मोजून ठरवता येईल आणि घरमालकाला आपली बाजू पुराव्यानिशी मांडता येईल.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला, नवी गावे वसली, हजारो घरे मजबूत केली गेली. भूकंपाच्या आधी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणलेला हा भाग २००२ च्या नकाशात तिसऱ्या पट्ट्यात आला. ही सारी शहाणीव आपत्तीनंतर आली आणि तिची किंमत हजारो जिवांनी मोजली. आता आधी पाहण्याचे साधन स्वस्त झाले आहे, नियम सुलभ झाले आहेत आणि शिकलेली मुले-मुली गावाजवळ आहेत. १ मे रोजी गावोगावी ग्रामसभा भरते, पावसाळा तेव्हा महिनाभरावर असतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या प्रत्येक गावाने त्या सभेत एक ठराव करावा: यंदा पावसाच्या आधी गावातल्या सर्व छतांची पाहणी होईल, धोक्याच्या घरांची यादी होईल आणि त्या प्रत्येक घरात अभियंता किंवा गवंडी जाऊन येईल. जिल्हा परिषदांनी त्यासाठी ड्रोन आणि माणसे पुरवावीत, आणि सभेला बसलेल्यांनी ठराव मंजूर झाल्याशिवाय उठू नये.