बेडक्याचा निकाल

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो, आणि जिल्ह्याची कचेरी मात्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर राहते. अशा मुलखात क्षयरोगाच्या निदानातली अडचण जंतूइतकीच अंतराची आणि काळाची असते. दिवाळीच्या सुमारास तांड्यांतून बिऱ्हाडे ऊसतोडीस निघाली म्हणजे ज्याचा बेडका तपासणीस गेला तो मनुष्य, निकाल हाती येईतो, कोणत्या कारखान्याच्या फडावर असेल याचा ठावठिकाणा सरकारी दप्तरी सापडणे कठीण. म्हणूनच गोव्यात वेर्णा येथे तयार होणाऱ्या ‘ट्रूनॅट’ यंत्राचा परिचय करून देताना त्याच्या विद्वत्तेपेक्षा त्याच्या आटोपशीरपणाचे मला अधिक अप्रूप वाटते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखविला, तेव्हापासून शतकभर गावोगावची भिस्त सूक्ष्मदर्शकावर होती. परंतु बेडक्याच्या एका मिलिलिटरात सुमारे १०,००० जंतू असल्याखेरीज तो सहसा दृष्टीस पडत नाही, आणि संवर्धन करून पाहावे तर हा मंदगती जीव कित्येक आठवडे घेतो. १९८३ मध्ये कॅरी मलिस यांना सुचलेल्या पीसीआर पद्धतीने जनुकद्रव्याच्या अंशमात्रापासून असंख्य प्रती काढता येऊ लागल्या खऱ्या, पण तिला सुसज्ज प्रयोगशाळा, अखंड वीज आणि निष्णात हात हवे असत. बंगलोरच्या बिगटेक प्रयोगशाळेने हीच क्रिया बॅटरीवर चालणाऱ्या, टेबलावर मावणाऱ्या यंत्रातील लहानशा चिपवर आणून ठेवली; तेच हे ‘ट्रूनॅट’.

काम असे चालते: बेडक्यात तो पातळ करणारे द्रावण मिसळतात, ‘ट्रूप्रेप’ या पहिल्या यंत्रात जंतू फुटून त्याचा डीएनए वेगळा होतो, तंत्रज्ञ त्या अर्काचे मोजून ६ मायक्रोलिटर चिपच्या खळगीत सोडतो, आणि ‘ट्रूलॅब’ हे दुसरे यंत्र त्यास आळीपाळीने तापवून-निववून तासाभरात निकाल पडद्यावर आणते. जंतू आढळल्यास त्याच अर्कावर दुसरी चिप लावून, रिफाम्पिसिन या मुख्य औषधास तो दाद देईल की नाही, हेही आणखी तासाभरात कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या चाचणीस मान्यता दिली. त्याच वर्षी करोनाच्या तपासणीसाठीही ही यंत्रे कामास जुंपली गेली. औषधास न जुमानणाऱ्या क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार चालत. २०२४ मध्ये भारत सरकारने चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारास मंजुरी दिल्यापासून या दुसऱ्या चिपचे मोल फारच वाढले आहे.

तरीही यंत्राचे स्तोम माजविण्याचे कारण नाही. रुग्णाने सकाळी खोल खोकून बेडका काढण्याऐवजी डबीत नुसती लाळ आणून दिली, तर अद्ययावत चिपही काय करणार? शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनएही तिला सापडतो, त्यामुळे उपचाराचा गुण किती आला हे पाहण्यास जुना सूक्ष्मदर्शक अद्याप लागतोच. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाविषयी ही रिफाम्पिसिनची चिप काहीच बोलत नाही. आणि चिपची पाकिटे दीर्घकाळ टिकवायची तर ३० अंशांखाली ठेवावी लागतात, तर विदर्भाच्या वैशाखात पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा यंत्र मंजूर करणाऱ्या खात्याने ही पाकिटे ठेवण्याच्या खोलीत गारव्याची काय तजवीज केली आहे, हे विचारणे गैर ठरू नये.