शरदातील सायकल-सहल : सातारा आणि सांगलीच्या वाटा

सायकलस्वाराच्या दृष्टीने वर्षातले सारे ऋतू सारख्या योग्यतेचे नसतात. ग्रीष्मात डांबर पाघळते, वर्षाकाळात वाटा चिखलाने बुजतात आणि घाटात धुक्यामुळे दहा हातांवरचे दिसत नाही. आश्विन लागला म्हणजे मात्र आकाश निवळते, पाऊलवाटा आवळून येतात, ओढ्यांना अद्याप पाणी असते आणि माळावर गवत कमरेइतके उभे असते. शाळांना दिवाळीची सुटी लागते ती याच दिवसांत. तेव्हा सायकल बाहेर काढून दिवसभराची रपेट करावी, असे ज्यास वाटणार नाही त्याच्या सायकलीला आणि गुडघ्यांना, दोहोंनाही गंज चढला आहे असे समजावे.

इंग्लंडात ही हौस जुनी आहे. सायकलीवरून प्रवास करणाऱ्यांची पहिली मोठी संस्था तेथे 1878 मध्ये निघाली. त्या वेळी पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे ताटाएवढे, अशी गाडी असे. 1885 मध्ये स्टार्ले यांनी दोन्ही चाके सारखी असलेली आणि मागचे चाक साखळीने फिरविणारी सायकल बाजारात आणली. 1888 मध्ये डनलॉप यांनी हवेच्या धावेचा हक्क नोंदविला. या दोन सुधारणांनी सायकल सामान्य कुटुंबाच्या अंगणात आली. शरदात तिकडचे लोक गावोगावच्या वाटांनी सायकली घेऊन निघतात, ते मुख्यतः पानांचे रंग पाहण्यासाठी. दिवस लहान आणि थंड होऊ लागले म्हणजे तेथील झाडे पानांतील हरितद्रव्य मोडून परत घेतात. त्यामुळे आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि काही झाडांत तांबडा रंग नव्याने तयार होतो.

सातारा आणि सांगलीकडे पाने अशी पेटत नाहीत. येथे रंग चढतो तो जमिनीवर. आपल्या शरदाचे वैशिष्ट्य हेच की तो झडण्याचा ऋतू नसून पिकण्याचा आणि फुलण्याचा ऋतू आहे.

या भागाचा आणि सायकलीचा ऋणानुबंधही ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या 1888 साली हवेची धाव निघाली, त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानाचा पाया घातला. सायकल विकावी, दुरुस्त करावी आणि गिऱ्हाइकास ती चालविण्यास शिकवावी, असा तो उद्योग होता. त्यातून यंत्रांची गोडी वाढत जाऊन पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाले. 1910 मध्ये औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. महाराष्ट्राच्या एका मोठ्या उद्योगाची मुळे सायकलीच्या दुकानात आहेत, ही गोष्ट त्या वाडीवरून पायडल मारीत जाणाऱ्या तरुणास ठाऊक असली, तर त्याला रस्ता थोडा कमी लांब वाटेल.

आता वाटांकडे वळू. या प्रदेशाची घडण समजण्यास एक गोष्ट पुरे आहे, आणि ती म्हणजे पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. वर गेलेली हवा थंड होते आणि आपल्यातील ओलावा कड्यावरच टाकून देते. म्हणून महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. साताऱ्यापर्यंत येताना तो हजाराच्या आसपास येतो. आणि पूर्वेस माण, आटपाडी, जत या बाजूला जेमतेम पाचशेवर उतरतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे दोन दिवस सायकल हाकणारा मनुष्य दाट रानातून निघून भात, ऊस, शाळू आणि शेवटी बाजरी व मेंढरांचे कळप, अशी सारी पायरी उतरत जातो. मोटारीतून जाणाऱ्यास ही पायरी जाणवत नाही. सायकलस्वारास ती नाकाने, कातडीने आणि घशाच्या कोरडीने कळते.

पहिली वाट साताऱ्याहून कासच्या पठाराची. अंतर सुमारे 25 किलोमीटर. पण गाव सोडताच यवतेश्वराचा घाट लागतो आणि अनोळखी स्वाराचा सारा उत्साह तेथेच खर्ची पडतो. पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंच, म्हणजे शहरापेक्षा जवळजवळ पाचशे मीटर वर आहे. मनुष्य आणि सायकल मिळून 85 किलो वजन एवढे वर नेण्यास, शरीराची शक्ती वापरण्याची क्षमता पाव धरली, तर सुमारे चारशे कॅलरी लागतात. तीन-चार मध्यम भाकरींतून मिळणारी ही शक्ती केवळ चढणीपायी जाते. वाऱ्याचा आणि रस्त्याचा विरोध निराळाच. न्याहारी केल्यावाचून घाटाला लागणाऱ्याचे पाय मध्येच का गळतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

कासचा खडक जांभ्याचा. त्यावर मातीचा थर बोटभर, आणि पावसाने त्यातील पोषक द्रव्ये धुऊन गेलेली. मोठे झाड तेथे मूळ धरू शकत नाही. म्हणून लहान वनस्पतींस मोकळे रान मिळते. साडेआठशेंहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती या परिसरात नोंदल्या आहेत. त्यांतील सीतेची आसवे नावाची निळी-जांभळी चिमुकली फुले ज्या वनस्पतीला येतात, ती जमिनीतून नत्र पुरेसे मिळत नाही म्हणून सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागविते. शेजारी गेंदाची पांढरी बोंडे, तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग. भाद्रपद हा भर बहराचा काळ. आश्विनाच्या आरंभी जाणाऱ्यास त्याचा उत्तरार्ध मिळतो आणि पाऊस बहुधा मिळत नाही. 2012 मध्ये पश्चिम घाटास जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासचाही समावेश आहे.

या मानाबरोबर गर्दीही आली. जांभ्यावरची ती बोटभर माती बनण्यास युगे लागली. एका पावलाने दबली तर पुढच्या वर्षी तेथे बी रुजत नाही. मोटारींच्या रांगा, धूर आणि फुलांत बसून छायाचित्र काढण्याचा हव्यास यांपुढे कोणतेही कुंपण अपुरेच. सायकलीने जाणारा मनुष्य रस्ता अडवीत नाही, धूर सोडीत नाही. पण तोही सायकल फुलांवर आडवी टाकून बसला, तर त्याचे पुण्य तेथेच संपले.

दुसरी वाट कृष्णाकाठची. कराडास कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. तेथून शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी या रेल्वेस्थानकांच्या माळेच्या अंगाने सांगलीस उतरावे. अंतर सुमारे 70 किलोमीटर. चढ फारसा नाही. ताकारीहून थोडी वाकडी वाट केली तर यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आणि मनुष्याने झाडे लावून उभे केलेले सागरेश्वराचे अभयारण्य लागते. भिलवडीजवळ औदुंबराचे दत्तस्थान आहे. सांगलीत शिरताना 1929 सालचा आयर्विन पूल ओलांडावा आणि पाण्याची पातळी दाखविणाऱ्या खुणांकडे क्षणभर पाहावे. शरदातील शांत कृष्णा पाहून विश्वास बसणार नाही. पण 2019 च्या ऑगस्टात तेथे पाणी 57 फुटांवर गेले होते. पुलापासून काही मैलांत हरिपूर : वारणा कृष्णेस मिळते ते ठिकाण, आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मगाव. हळदीची पेवे याच गावची.

तिसरी वाट कमी लोकांना माहीत असलेली, साताऱ्याहून पूर्वेस औंधची. डोंगरावर यमाई, आणि वाटेत भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उघडलेले चित्रसंग्रहालय. सूर्यनमस्काराचा प्रसार हे या राजाने व्रत मानले होते. त्यांच्या दारी घामाघूम होऊन पोहोचणे हे एक प्रकारे त्यांस वंदनच होय. या वाटेवर सावली थोडी आणि पाण्याची ठिकाणे दूर दूर, हे मात्र विसरू नये.

कारण शरद जितका देखणा तितकाच फसवा आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस या भागातून बहुधा ऑक्टोबरच्या पूर्वार्धात मागे सरतो. ढगांचे छत्र जाते, ऊन थेट पडते आणि जमीन अजून ओलीच असते. तिच्यातून उठणाऱ्या वाफेने हवा दमट राहते, घाम लवकर वाळत नाही आणि शरीर निवत नाही. यालाच लोक ऑक्टोबरची तलखी म्हणतात. उपाय एकच : उजाडता निघावे, दहा-साडेदहाच्या आत सावली गाठावी आणि उरलेली वाट चारनंतर धरावी. फ्रान्समधील प्रसिद्ध सायकलपटू पॉल द विव्ही यांनी घालून दिलेला नियम येथेही खरा आहे. तहान लागण्यापूर्वी प्यावे, भूक लागण्यापूर्वी खावे आणि थकण्यापूर्वी थांबावे. पाण्यात चिमूटभर मीठ आणि गूळ टाकला, तर घामावाटे गेलेले क्षार भरून निघतात.

याच गृहस्थांनी चढासाठी बदलत्या दात्यांचा आग्रह धरला, तेव्हा शर्यतवाल्यांनी त्यांची थट्टा केली. त्यातील मर्म साधे आहे. पुढच्या चक्राचे 44 आणि मागच्या चक्राचे 22 दाते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. 28 इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे एका फेऱ्यात साडेचार मीटर वाट कापली जाते. मागेही 44 दाते लावले, तर एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच जाता येते. पण पायाला जोर निम्माच लागतो. काम तेवढेच, ते अधिक फेऱ्यांत वाटले जाते, इतकेच. ज्याची सायकल साधी एकदाती आहे, त्याने घाटात खाली उतरून चालावे; त्यात कमीपणा नाही. उतरणीवर मात्र दोन्ही ब्रेक मिळून आणि सोडून सोडून दाबावे. नुसता पुढचा एकदम दाबला तर स्वार डोक्यावरून जातो, आणि सतत दाबून ठेवला तर रिम तापते. घाटाच्या सावलीतील वळणांवर या दिवसांत शेवाळ असते, तेथे ब्रेक वळणाच्या आधीच लावावा.

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि कृष्णाकाठचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी व बैलगाड्यांनी भरून जातात. एका ट्रॅक्टरामागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांना ऊस बाहेर आलेला, आणि पुष्कळदा मागे दिवा नाही. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरच्या घटकाभराच्या संधिप्रकाशात उभी ट्रॉली काळ्या भिंतीसारखी असते. प्रत्येक हंगामात अशा ट्रॉल्यांवर आदळून माणसे जातात. म्हणून सायकलस्वाराने मावळतीपूर्वी मुक्काम गाठावा, पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा ठेवावा, फिकट रंगाचे कपडे घालावे आणि डाव्या कडेने एकामागे एक चालावे. आणि ज्यांची शेती आहे त्यांनी आपल्या ट्रॉलीमागे चमकणारी तांबडी पट्टी स्वतः लावावी. तिची किंमत उसाच्या एका मोळीएवढीही नाही. पण ती नसल्यामुळे एखाद्या घरचा मुलगा परत येत नाही.

या भयामुळेच अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांतून मुलांच्या हाती सायकल दिली जात नाही. एके काळी तासावर भाड्याने मिळणारी मोठी सायकल घेऊन, नळीच्या आतून पाय घालून, हाफ पायडल मारीत सारी आळी सायकल शिकली. गुडघे फुटले, पण त्याबरोबर अंतराचा अंदाज, वाऱ्याची दिशा, पंक्चर काढण्याचे कसब आणि अनोळखी गावात पाणी मागण्याची रीतही अंगी आली. ही विद्या शिकवणीच्या वर्गात मिळत नाही. भय खरे आहे. परंतु त्यावर उपाय सायकल माळ्यावर टाकणे हा नव्हे. आरंभी साताऱ्याहून संगम माहुली किंवा सांगलीहून हरिपूर, अशी लहान वाट निवडावी. वडील माणसाने बरोबर जावे. दिवा, ब्रेक आणि हवा घरीच पाहून घ्यावी. पुढच्या वर्षी तोच मुलगा औंधापर्यंत जाईल आणि त्याच्या पुढच्या वर्षी कासचा घाट चढेल.

कोजागरीच्या मागेपुढे आकाश निवळलेले असते, शेतांत शाळू कोंभ काढीत असतो आणि नदीकाठी पहाटे धुक्याची पांढरी रेघ असते. ही संपत्ती चार-सहा आठवड्यांचीच आहे. तिचा उपभोग घेण्यास धन लागत नाही. साखळीला तेल, चाकात हवा, डब्यात भाकरी आणि घरच्यांची अनुमती, एवढे पुरे होते.